१८ मीटरची बस आणि आपला मधला मारुती

वाचकांचे प्रश्न, गाडीवाल्या काकांची उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाने सहज विचारलं होतं, की परदेशात दिसते तशी मधोमध वाकणारी लांब बस सोलापूरला आणली तर गर्दी कमी होईल का, आणि मी आपला घाईत "नको हो, आपले रस्ते अरुंद" असं दोन ओळीत लिहून मोकळा झालो. झालं! तेवढ्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की संपादक म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा. म्हणून या वेळी मायलेज, पंक्चर, सेकंड हँड गाडी घेऊ का नको, हे सगळं बाजूला आणि अख्खा कॉलम या एका बसला. हिला आर्टिक्युलेटेड बस म्हणतात, लंडनवाले बेंडी बस म्हणायचे, आपल्याकडं बेंगळुरू आणि चेन्नईत ती वेस्टिब्यूल या नावाने धावली. मी सरळ जोडबस म्हणणार आहे, कारण आहेच ती दोन डबे जोडलेली.

प्रश्न : काका, तुमचं उत्तर पटलं नाही. मुलगा जर्मनीत असतो, मी आणि मिसेस तीन महिने राहून आलो. तिथल्या जुन्या गावातल्या गल्ल्या आपल्या बाळीवेशीसारख्याच, दोन्ही अंगाला घरं, आणि त्यातून ही एवढी मोठी बस सुईत दोरा ओवावा तशी वळून जाते. मग अरुंद रस्ता हे कारण कसं काय? (निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर)

उत्तर : सर, कान पकडतो. वळण्याच्या बाबतीत जोडबस साध्या बसपेक्षा वाईट नाही, हे माझी सगळी नोकरी बसच्या वर्कशॉपात गेली असल्यामुळं मला माहीत असायला हवं होतं, आणि होतंही, पण लिहिताना घाई झाली. युरोपात नियमच असा आहे की बस १२ मीटरची साधी असो नाहीतर १८ मीटरची जोड असो, साडेबारा मीटर त्रिज्येच्या मोठ्या वर्तुळाच्या आत आणि ५.३ मीटर त्रिज्येच्या छोट्या वर्तुळाच्या बाहेर राहून तिला गोल फिरता आलं पाहिजे. म्हणजे दोघींनाही वळायला साधारण सव्वासात मीटर रुंदीचा पट्टा पुरतो. सहा मीटर जास्त लांबी असूनही हे जमतं कारण गाडी मधे मोडते आणि मागचा डबा पुढच्याच्या चाकोरीतून येतो. सलग १५ मीटरची, न वाकणारी बस घ्या, ती वळणावर जोडबसपेक्षा जास्त रडवते.

आपल्या लोकांना हे समजवायला जर्मनीला जायची पण गरज नाही. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून कसे वळणं घेतात बघा. पुढं जाताना सगळं गुमान मागनं येतं. पण त्याच ट्रॅक्टरवाल्याला रिव्हर्स घ्यायला लागलं की काय तमाशा होतो तेपण आपण बघितलंय, ट्रॉली हिकडं आणि ट्रॅक्टर तिकडं, आणि चार माणसं हातवारे करत उभी. जोडबसचं मागे येण्याचं गणित तेच आहे. दोन डब्यातला कोन फार झाला तर नव्या गाड्यात अलार्म वाजतो, गाडी ताकद तोडते नाहीतर ब्रेक धरते, म्हणजे मोडण्यापासून वाचते पण अडकलेली ती अडकलेलीच. आता मधल्या मारुतीपाशी समोरून वरात आली, किंवा कुणीतरी टेम्पो आडवा लावून माल उतरवायलाय, तर साध्या बसचा कंडक्टर खाली उतरतो, मागच्या पत्र्यावर थाप मारतो, "येऊ दे येऊ दे" म्हणत गाडी मागे घेतो. जोडबसचा ड्रायव्हर काय करणार? वरात संपायची वाट बघणार.

आणि सर, वळणापेक्षा खरी अडचण सरळ रस्त्यावर आहे हे मी लिहायला हवं होतं. १८ मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या चार मोटारी. तुमच्या जर्मनीत पुढं जागा मोकळी झाल्याशिवाय ड्रायव्हर चौकात गाडी घालतच नाही, सिग्नल हिरवा असला तरी थांबतो. आपण घालतो. मीपण घालतो, खोटं कशाला बोलू. आता कन्ना चौकात ही बस शिरली आणि पुढची रिक्षा अचानक थांबली तर बसचं तोंड पलीकडं, शेपूट चौकात, आणि चारी बाजूचे लोक हॉर्नवर हात ठेवून बसले, असं होणार. एकाचवेळी चारही रस्ते बंद करायचं कौशल्य साध्या बसमध्ये कमी आहे. त्यातून डावीकडं वळताना आतल्या बाजूला जी जागा दिसते ना, तिथं आपली टू-व्हीलरवाली पोरं हमखास घुसतात, त्यांना वाटतं बस गेली, आणि अजून एक अख्खा डबा यायचा असतो.

प्रश्न : मी विडी घरकुलहून रोज कॉलेजला येते. सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पोरी दारात लोंबकळतात. अशात दुप्पट माणसं नेणारी बस नको म्हणणारे स्वतः कधी बसनं जात नसतील असं वाटतं. (विद्यार्थिनी, पूर्व भाग)

उत्तर : टोमणा पोचला ताई. हल्ली गुडघ्यामुळं मी स्कूटरवरच असतो, त्यामुळं निम्मा खरा आहे. पण जरा हिशोब करू, कारण या सगळ्या भानगडीचं मूळ इथंच आहे.

समजा तुझ्या रस्त्यावर सकाळी एका तासात २४० माणसं बसची वाट बघतात. हा आकडा मी फक्त गणितासाठी धरलाय, खरा किती आहे ते पुढं बघू. साध्या बसमध्ये उभे-बसलेले मिळून ६० धरले तर चार गाड्या लागतात, म्हणजे दर १५ मिनिटाला एक. जोडबसमध्ये १२० धरले तर दोनच गाड्यात काम झालं, डिझेल कमी, ड्रायव्हर दोनच, चालवणाऱ्याला एकदम झकास. पण गाडी आता दर अर्ध्या तासाला येणार. स्टॉपवर कधीही जाऊन उभं राहिलं तर सरासरी वाट बघावी लागते ती दोन गाड्यांमधल्या वेळेच्या निम्मी, म्हणजे आधी साडेसात मिनिटं लागत होती तिथं आता १५. आणि एखादी फेरी रद्द झाली तर तासभर खुंटीला टांगल्यासारखं उभं राहायचं. तुला बसायला जागा मिळेल, पण पहिला तास बुडेल. मग दुसऱ्या दिवसापासून तू काय करणार? शेअर रिक्षा पकडणार. चार दिवसांनी तुझ्या मैत्रिणीपण. महिन्याभरात त्या १८ मीटरच्या बसमध्ये ४० माणसं, आणि पेपरात बातमी की प्रवाशांचा प्रतिसाद नाही.

लांब बस लोकांना वाट बघायला लावते, हा तिचा सगळ्यात मोठा तोटा आणि याबद्दल कुणी बोलत नाही. सगळे रस्त्याच्या रुंदीबद्दल बोलतात (माझ्यासकट). जोडबस कधी घ्यायची, तर साध्या बसा दर दोन-तीन मिनिटाला सुटायल्यात, तरी भरून वाहायल्यात, आणि अजून गाड्या सोडल्या तर स्टॉपवर बसामागे बसाच उभ्या राहतील अशी गत झाली की मगच. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात १९७४ पासून बससाठी वेगळा रस्ता आहे, आधी साध्या बसा, मग जोडबस, आणि ९० च्या दशकात तर तीन डब्यांची २५ मीटरची. टप्प्याटप्प्यानं गेले ते, आधी माणसं आली मग डबे वाढले. कोलंबियात बोगोटाला २००० साली ट्रान्समिलेनिओ सुरू झालं, तिथं जोडबसवर एका दिशेने तासाला ४० हजारांच्या वर माणसं जातात, मेट्रोच्या तोडीची. पण तिथं बसला स्वतःची लेन आहे, त्यात रिक्षा नाही, हातगाडी नाही, रस्त्यात बसलेली म्हैस नाही. सोलापूरची २०११ ची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार, अख्ख्या शहराची. बोगोटाचा एक रस्ता दिवसभरात केवढी माणसं वाहतो याचा अंदाज कर.

तुझ्या बसमधली गर्दी खरी आहे, पण ती गाडी छोटी असल्यामुळं नाही, गाडीमागे गाडी नसल्यामुळं आहे. तुला एक मोठी बस नकोय, तीच बस दोनदा पाहिजे.

प्रश्न : सिटी बसला ३० वर्षं कंडक्टरकी केली. १८ मीटरच्या गाडीत गर्दीच्या वेळी तिकिटं कशी फाडायची ते सांगा. पुढच्या दारापासून मागच्यापर्यंत पोचेपर्यंत निम्मी गाडी उतरून गेलेली असेल. (निवृत्त कंडक्टर, बुधवार पेठ)

उत्तर : साहेब, आलेल्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र एक नंबर, कारण लंडनची जोडबस बदनाम झाली ती बऱ्याच अंशी याच प्रश्नावर.

लंडनला २००२ पासून या गाड्या रस्त्यावर आल्या, मर्सिडीझच्या सिटारो. तीन दारं, कुठल्याही दारानं चढा, कार्ड मशीनला लावा, कंडक्टर नाही. हेतू चांगला होता, की ड्रायव्हरपुढं लाईन लागू नये. पण ज्याला तिकीट काढायचंच नाही तो मागच्या दारानं चढून खिडकीतून बाहेर बघत बसायला लागला, लोक तिला फुकट बस म्हणायला लागले. सायकलवाल्यांच्या तक्रारी होत्या, चौक अडवते म्हणून मोटारवाले वैतागलेले. २००८ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी या बसा घालवून दाखवतो असं सांगितलं, निवडून आले आणि डिसेंबर २०११ मध्ये शेवटची जोडबस गेली. जगातल्या एवढ्या मोठ्या शहराच्या निवडणुकीत एक बस मुद्दा झाली, आपल्याकडं पाणी किती दिवसाआड येतं यावर निवडणूक होते, असो.

पण यातली दुसरी बाजू पण सांगतो. दारं जास्त असणं ही जोडबसची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. स्टॉपवर ४० माणसं आहेत आणि एकाच दारानं चढायलीत, एकेकाला तीन सेकंद धरले तरी दोन मिनिटं गेली, आणि ती दोन मिनिटं मागचा सगळा रस्ता तुंबला. तीच माणसं तीन दारांतून चढली तर ४० सेकंद. शहरातली बस पळते किती जोरात याला फार अर्थ नसतो, ती थांबते किती वेळ यावर सगळं असतं. म्हणून बोगोटात काय केलं, तिकीट बसमध्ये नाहीच, स्टेशनात शिरताना गेटवर. प्लॅटफॉर्म बसच्या फ्लोअरएवढा उंच, पायरी चढायची नाही, सगळी दारं एकदम उघडतात. गाडी लांब असण्यापेक्षा तिला भरायला वेळ लागत नाही यात सगळी गंमत आहे.

आपल्याकडं जोडबस आणली आणि पद्धत जुनीच ठेवली तर दोन कंडक्टर लागतील, एकेका डब्याला एकेक. म्हणजे माणसं वाचवायचा जो फायदा होता तो गेला. आणि दोघांपैकी घंटी कोणी मारायची यावर पहिल्याच दिवशी भांडण, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझं म्हणणं असं, की ही तिकिटाची आणि दारांची युक्ती घ्यायला १८ मीटरची गाडी लागतच नाही. साध्या बसला दोन्ही दारं रुंद करा, फ्लोअर खाली आणा, गर्दीच्या दोन-तीन स्टॉपवर, म्हणजे सात रस्ता, स्टेशन, एसटी स्टँडला, खाली उभा राहून तिकीट देणारा एक माणूस ठेवा. गाडी यायच्या आधी निम्मी तिकिटं फाडून झालेली. तुम्ही लोकांनी सिद्धेश्वराच्या (गड्ड्याच्या) यात्रेच्या वेळी हे केलेलं असणारच.

प्रश्न : माझी मुलं मुंबईला मेट्रोत बसली तेव्हा दोन डब्यांच्या मधल्या जागेतच उभी होती, उठवता उठेनात. बसमध्ये ती मधली गोल जागा सेफ असते का? फाटली तर? (गृहिणी, होटगी रोड)

उत्तर : सेफ असते. जमिनीवर जी गोल फिरती चकती दिसते ना, ती वरची झाकणी, तिच्या खाली जाडजूड टर्नटेबल असतं, त्याला मोठं बेअरिंग आणि गाडी झटक्याने मोडू नये म्हणून हायड्रॉलिक दांडे. दोन्ही डब्यांचं नातं त्या लोखंडाशी आहे. बाजूला जे पेटीच्या भात्यासारखं दिसतं ते फक्त कापड आणि रबर, ऊन-पाऊस-धूळ आत येऊ नये एवढ्यासाठी. तो फाटला तरी डबा सुटत नाही, फक्त तुमच्या मुलांच्या तोंडात सोलापूरची धूळ जाते, ती तशीही जातेच. वळणावर तिथं उभं राहिलं तर पायाखालची जमीन फिरते, पोरांना मजा, म्हाताऱ्या माणसांना चक्कर, म्हणून वयस्कर माणसानं तिथं उभं राहू नये.

आता वर्कशॉपवाला म्हणून थोडं जास्त बोलतो, कंटाळा आला तर पुढचा प्रश्न वाचा. जोडबस दोन प्रकारची. एकात इंजिन पुढच्या डब्यात असतं, मागचा डबा ओढत न्यायचा, हे सोपं. दुसऱ्यात इंजिन सगळ्यात मागे, आणि मागचा डबा पुढच्याला ढकलतो. हल्लीच्या बहुतेक गाड्या ढकलणाऱ्या, कारण मग पुढचा सगळा फ्लोअर बुटका करता येतो. पण ढकलणारी गाडी ओल्या घसरड्या रस्त्यावर चाकू मिटल्यासारखी मिटू शकते, म्हणून त्या सांध्यावर कंट्रोल लागतो, सेन्सर लागतात, आणि ते सगळं रोज हजारो वेळा वाकतं. ब्रेकच्या हवेचे पाईप, वायरिंग, सगळं त्याच सांध्यातून जातं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४४ च्या पुढं, त्यात धूळ. रबर कडक होतं, भेगा पडतात. त्या भात्याला कुणीतरी स्वतः हात लावून रोज बघायला पाहिजे, आणि बिघडला तर पार्ट पटकन मिळायला पाहिजे.

आगीचं पण विचारलंय दोघांनी. लंडनला सुरवातीला, २००३ च्या शेवटी आणि २००४ मध्ये, काही गाड्या पेटल्या होत्या, गाड्या काढून दुरुस्त करून परत आणल्या. पुढं लंडनमधून निघालेल्या त्यातल्या काही माल्टा देशात गेल्या, उन्हाचा देश, चढ-उताराचे अरुंद रस्ते, तिथं २०१३ मध्ये परत आगी लागल्या आणि त्या गाड्या बंदच केल्या. आता यावरून जोडबस म्हणजे पेटणारी बस असं नाही, जगात असंख्य शहरांत या गाड्या बिनतक्रार चालतात. पण एका हवेसाठी, एका डेपोसाठी घेतलेली गाडी उचलून दुसरीकडं नेली की काय होतं ते बघून ठेवावं. एका गावच्या मापानं शिवलेला सदरा दुसऱ्याला बसेलच असं नाही.

सोलापूरकराला तर हे फार सांगायला नको. चकाचक नव्या गाड्या आल्या, फोटो निघाले, नारळ फुटले, आणि त्यातल्या कितीतरी पुढं उभ्याच राहिल्या, हे आपण डोळ्यानं बघितलंय. साध्या गाड्यांचं हे झालं. जोडबस उभी राहिली तर ती दोन गाड्यांएवढी जागा अडवून उभी राहणार. तिच्यासाठी दुरुस्तीचा खड्डा लांब पाहिजे, वॉशिंगची जागा लांब पाहिजे, बंद पडली तर ओढायला साधी क्रेन पुरत नाही.

प्रश्न : काका, मी रिक्षा चालवतो, कन्ना चौक ते स्टेशन. असली बस आली तर आमच्या पोटावर पाय येणार का नाही ते सरळ सांगा. आणि जाममध्ये आम्हालाच शिव्या घालतात ते पण लिहा. (रिक्षावाला)

उत्तर : दादा, उलट आहे. वर लिहिलंय तसं, लांब बस अर्ध्या तासानं येणार असेल तर तुझा धंदा वाढेल. तुझ्या पोटावर पाय येईल तो दर पाच मिनिटाला येणाऱ्या छोट्या बसमुळं, आणि ती यावी असं मला वाटतं हे तुझ्यापासून लपवत नाही. लोक तुझ्या रिक्षात दाटीवाटीनं बसतात ते हौसेनं नाही, तू लगेच निघतोस म्हणून.

आणि शिव्यांचं म्हणशील तर तू स्टॉपच्या बरोबर समोर रिक्षा लावतोस ना? मग बस रस्त्याच्या मधे थांबते, म्हातारी माणसं गाड्यांमधून वाट काढत चढतात. साध्या बसला कडेला लागायला साधारण तिच्या लांबीएवढी मोकळी जागा आणि पुढं-मागं थोडी जास्त लागते. जोडबसला तर १८ मीटर सलग मोकळं आणि वर आत शिरायला, बाहेर पडायला जागा. नवी पेठेत १८ मीटर मोकळं मला एकच वेळी दिसलंय, पहाटे चारला.

प्रश्न : एवढं सगळं असेल तर मुंबईसारखी डबल डेकर का नको? जागा तेवढीच, माणसं जास्त.

उत्तर : रस्त्यावरची जागा वाचते हे खरं. मुंबईत १९३७ पासून होत्या, जुन्या डिझेलच्या सप्टेंबर २०२३ मध्ये संपल्या आणि त्याच वर्षी एसीच्या इलेक्ट्रिक आल्या. लंडनने पण जोडबस काढून बहुतेक मार्गांवर परत डबल डेकरच आणली. पण तिला जिना आहे. छोट्या छोट्या अंतरावर चढ-उतर असेल तर वर कुणी जात नाही, खाली चेंगराचेंगरी आणि वर पाच पोरं. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या लोंबत्या वायरी, झाडांच्या फांद्या, मंडळांच्या कमानी, रेल्वेचे बोगदे. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटला बसून सोलापूर बघायला मला पण आवडेल, पण ते रविवारी.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेपुरती तरी भाड्याने आणावी. तेव्हा गर्दी बोगोटाएवढीच असते!

उत्तर : हसलो. जानेवारीत होम मैदानाकडचे निम्मे रस्ते बंद, काठ्यांची मिरवणूक निघाली की उरलेले पण बंद. तेव्हा १८ मीटरची नवखी गाडी आणि तिचा नवखा ड्रायव्हर त्या गर्दीत? नको. चारी बाजूंनी लांब पार्किंग आणि तिथून साध्या गाड्यांच्या सतत फेऱ्या, हेच बरं.

प्रश्न : नागपूरला सव्वाशेच्या वर सीटच्या लांब इलेक्ट्रिक बसबद्दल गडकरी साहेब बोलतात. आपण मात्र कायम "नको नको". तुमच्या मते सोलापूरला एकही रस्ता असा नाही का? (इंजिनिअर, विजापूर रोड)

उत्तर : नागपूरचा बेत रिंग रोडसाठीचा आहे, रुंद रस्ता, लांबलांब स्टॉप. तिथं करून बघायला काहीच हरकत नाही, चाललं तर आनंदच. पण केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत ज्या गाड्या आहेत त्या १२, ९ आणि ७ मीटरच्या, त्यात जोडबस नाही. आणि खरं सांगू का, मला आपल्यासाठी त्यातली ९ मीटरचीच सगळ्यात बरी वाटते. अशोक चौकात वळते, स्टॉपवर मावते, रिव्हर्स येते, दुपारी दोनच्या उन्हात ११ माणसं असली तरी जीवावर येत नाही.

आता रस्ता विचारलात तर कागदावर दोन दिसतात. एक तुमचाच विजापूर रोड, सात रस्त्यापासून जुळे सोलापूरकडं, सरळ आहे, बऱ्यापैकी रुंद आहे. दुसरा पुणे नाक्यापासून केगावच्या विद्यापीठाकडं. दोन्हीकडं वळणं कमी आणि शेवटी गाडी फिरवायला जागा निघेल. पण वर त्या ताईला सांगितलं तेच परत, की आधी साध्या गाड्या दोन-तीन मिनिटाला सुटून भरून वाहायला पाहिजेत. गेल्या आठवड्यात मी संध्याकाळी सहा वाजता सात रस्त्याला टपरीवर उभा राहिलो, मुद्दाम, हा कॉलम लिहायचा म्हणून. आसरा चौकाकडं जाणारी सिटी बस यायला माझे दोन चहा झाले, आणि मी चहा सावकाश पितो.

एका माणसाच्या दोन चहाला पुरावा म्हणत नाहीत हे मलापण कळतं. म्हणून ज्यांनी ज्यांनी या वेळी पत्रं पाठवलीत त्यांना एक काम देतो. आपापल्या स्टॉपवर कामाच्या कुठल्याही दिवशी एक तास उभं राहा, सकाळी ९ ते १० नाहीतर संध्याकाळी ६ ते ७. किती बसा आल्या, किती वाजता आल्या, दारात किती जण लोंबकळत होते, आणि बस न मिळाल्यामुळं किती जण रिक्षात बसले, एवढंच वहीत लिहा आणि पाठवा. रिक्षावाले दादा, तू पण लिहून पाठव, तुला तर रोजच दिसतंय. पुढच्या अंकात मी ते सगळे आकडे स्टॉपप्रमाणे छापतो, मग २४० ची जागा खरा आकडा घेईल. पंक्चरवाल्यांनी तोवर थोडी कळ काढावी.